इंग्रजी उच्चारांची तुलना कशी करायची: कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

कोल्हापुरात इंग्रजी उच्चारांचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी ‘कुणाचं इंग्रजी चांगलं’ यावर येते. कॉन्व्हेंटमधल्या पोरीचं चांगलं, झेडपीच्या शाळेतल्या पोराचं गावठी, आणि अमेरिकेत चार वर्षं काढून आलेल्या चुलतभावाचं तेवढं खरं. असा निवाडा करायचा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. माणसं इंग्रजी स्वर आणि व्यंजनं प्रत्यक्षात कशी बोलतात, दोन बोलणाऱ्यांत नेमका फरक कुठं पडतो, हे शोधायचं असेल तर एक मोबाइल, एक वही आणि थोडी चिकाटी एवढ्यावर काम भागतं. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही.

पायरी पहिली: प्रश्न नीट मांडा

चार शब्द घ्या. टिन (पत्रा), थिन (बारीक), डेन (गुहा), देन (तेव्हा). लंडनचा माणूस ‘थिन’ आणि ‘देन’ म्हणताना जिभेचं टोक दातांच्या फटीशी नेतो आणि हवा घासून सोडतो. असा घासणारा आवाज मराठीत नाही. आपण जीभ दातांना टेकवून सरळ थ आणि द म्हणतो. ‘टिन’ आणि ‘डेन’ म्हणताना मात्र आपली जीभ मागं वळून टाळूकडं जाते. लंडनवाल्याची दातांच्या वर हिरडीलाच टेकते. म्हणजे चारही शब्दांचे आवाज इंग्रजांपेक्षा वेगळे निघाले, पण चार शब्द चारच राहिले. ‘टिन’ आणि ‘थिन’मध्ये आपला घोटाळा होत नाही. आयर्लंडमध्येही बरेच लोक आपल्यासारखीच दातांना जीभ टेकवून ‘थिन’ म्हणतात.

आता व्हाइन (वेल) आणि वाइन घ्या. लिहिताना आपण एकाला व्ह देतो, दुसऱ्याला व. बोलताना मात्र बऱ्याच जणांकडून दोन्हीकडं एकच व येतो: खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही आणि ओठांचा चंबूही होत नाही. इथं दोन शब्दांचा एक शब्द झाला.

ऐकणाऱ्याला दोन्ही प्रकार ‘मराठी ॲक्सेंट’ वाटतात. वहीत मात्र दोन वेगळे रकाने हवेत. एकात आवाजाची जागा बदलली पण फरक शाबूत राहिला, दुसऱ्यात फरकच गेला. तेव्हा प्रत्येक बोलणाऱ्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कोणते आवाज वेगळे ठेवतो आणि कोणते एकत्र करतो? आवाज नेमका कसा काढतो, हे त्यानंतर.

हा प्रश्न सगळ्यांना सारखाच लावा, मग गंमत दिसते. दक्षिण इंग्लंडमधला माणूस व्यंजनाआधीचा आणि शब्दाच्या शेवटचा र बोलतच नाही, त्यामुळं ‘कोर्ट’ (न्यायालय) आणि ‘कॉट’ (पकडला) त्याच्या तोंडी एकसारखे. कसबा बावड्यातला माणूस र चांगला वाजवून बोलतो आणि दोन्ही शब्द वेगळे ठेवतो. अमेरिकन माणसाच्या ‘लॅटर’ (नंतरचा) आणि ‘लॅडर’ (शिडी) या शब्दांत बहुतेक वेळा फरक राहत नाही, कारण दोन स्वरांमधल्या ट आणि ड या दोन्हींचा तो जीभ ओझरती लावून एकच आवाज काढतो. आपल्याकडं तिथं ट आणि ड ठणठणीत वेगळे. स्कॉटलंडमध्ये बरेच लोक ‘फुल’ (भरलेला) आणि ‘फूल’ (मूर्ख) यांत फरक करत नाहीत. तोच प्रकार आपल्याकडच्या कुणाच्या बोलण्यात सापडला की लगेच नाक मुरडायचं कारण नाही.

पायरी दुसरी: शब्दांची यादी

सगळा गोंधळ इथं होतो, म्हणून इथं वेळ घाला.

जॉन वेल्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञानं १९८२ साली इंग्रजी स्वरांसाठी २४ शब्दगट मांडले. प्रत्येक गटाला एका सोप्या शब्दाचं नाव: किट, ड्रेस, ट्रॅप, बाथ, फेस, गोट, नर्स वगैरे. ‘बाथ गटाचा स्वर’ म्हटलं की बाथ, लास्ट, ग्लास, पास हे सगळे आले. मग लंडनमध्ये या गटाला आ, मँचेस्टर आणि शिकागोत ॲ, कोल्हापुरात बहुतेक आ, असं एका ओळीत सांगता येतं. ही २४ नावं वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्या. सगळे गट तपासायची गरज नाही, पण आपण कोणत्या गटाबद्दल बोलतोय हे माहीत पाहिजे.

मराठी बोलणाऱ्यांसाठी कोणत्या जोड्या कामाच्या? ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ घ्याच: शिप (जहाज) आणि शीप (मेंढी), पुल (ओढणे) आणि पूल (तलाव). बोली मराठीत या लांबी-आखुडीवर शब्दांचा अर्थ क्वचितच अडतो, त्यामुळं इथं दांडी उडायची शक्यता जास्त. ‘हाऊसफुल्ल’मध्ये आपण ल दुप्पट का लिहितो, तर एकटा ल ठेवला की आपली जीभ उ लांबवते म्हणून.

त्याहून मजेशीर प्रकरण ए चं. देवनागरीत ‘टेस्ट’ लिहिलं तर ती परीक्षा की चव? ‘पेन’ म्हणजे लेखणी की दुखणं? ‘गेट’ म्हणजे मिळवणं की फाटक? इंग्रजीत या प्रत्येक जोडीत दोन वेगळे स्वर आहेत. दक्षिण इंग्लंडमधल्या चवीच्या ‘टेस्ट’मध्ये स्वर ए पासून निघून इ कडं सरकतो, परीक्षेच्या ‘टेस्ट’मध्ये तो आखूड आणि जागच्या जागी राहतो. मराठीत ए एकच, लिपीतही एकच. काही जण चवीचा ए थोडा लांबवून फरक राखतात, काही जण तेवढाही राखत नाहीत. कोल्हापुरात तुलनेला सुरुवात करायची तर मी हीच जोडी आधी घेईन. क्रिकेटमुळं एक ‘टेस्ट’ आणि खाण्यामुळं दुसरी ‘टेस्ट’ सगळ्यांच्या तोंडी असते, आणि बोलणाऱ्याला आपण काय तपासतोय याचा पत्ता लागत नाही.

व्यंजनांत व/व्ह आणि थ/द आहेतच. त्यात झ ची भर घाला, पण एका शब्दावर भागवू नका. ‘झाड’ आणि ‘झेंडा’ म्हणून बघा. पहिला झ दातांशी, दुसरा टाळूशी. मराठीत इ, ई, ए पुढं आले की च, ज, झ टाळूकडं सरकतात. आता इंग्रजी ‘झू’ आणि ‘झेब्रा’. ‘झू’ म्हणताना आपला दातांजवळचा झ इंग्रजी आवाजाच्या बराच जवळ जातो. ‘झेब्रा’ आणि ‘झिरो’ म्हणताना ए आणि इ त्याला टाळूकडं ओढतात, आणि आवाज ‘झेंड्या’चा होतो. एकच माणूस, इंग्रजीतला एकच आवाज, आणि उच्चार दोन. नुसता ‘झू’ विचारणारा लिहील ‘येतो’, नुसता ‘झेब्रा’ विचारणारा लिहील ‘येत नाही’.

आता यादीतला मोठा सापळा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जा. लेथ, फौंड्री, वेल्डर, प्याटर्न, ग्राइंडर हे शब्द दिवसभर कानावर पडतील. इंग्रजीत ‘लेथ’चा शेवटचा आवाज घोष (म्हणजे गळा थरथरवून काढलेला), आपल्या द कडं झुकणारा. शिरोलीत तो सगळ्यांच्या तोंडी थ. फाड्‌फाड् इंग्रजी बोलणारा इंजिनिअरही शॉपमध्ये ‘लेथ’च म्हणतो, कारण तिथं तो मराठी शब्द बोलत असतो. बँक, बॅग, डॉक्टर, ऑफिस, टेबल, बस या सगळ्यांचं तेच. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ब्यांक, डाक्टर, हापिस ऐकून ‘याला ॲ आणि ऑ येत नाही’ असं लिहिलंत तर तुम्ही त्याची मराठी तपासलीत, इंग्रजी नाही.

म्हणून प्रत्येक आवाजासाठी दोन प्रकारचे शब्द घ्या: एक मराठीत मुरलेला, एक पुस्तकी. ॲ साठी ‘बॅग’ आणि ‘लॅम्ब’ (कोकरू), ऑ साठी ‘डॉक्टर’ आणि ‘ऑटर’ (पाणमांजर). दोन्हीतला उच्चार सारखा आला तर एक गोष्ट कळते, वेगळा आला तर दुसरी.

यादी झाली की शब्द पत्त्यांसारखे पिसा. ‘शिप’ आणि ‘शीप’ शेजारी ठेवले की वाचणारा सावध होतो आणि मुद्दाम फरक करून दाखवतो. प्रत्येक शब्द एकाच छोट्या वाक्यात बसवा: ‘से शिप अगेन’, ‘से टेस्ट अगेन’. नुसती यादी वाचताना माणूस किराणा सामानाच्या चिठ्ठीचा सूर लावतो आणि शेवटचा शब्द खाली पाडतो. ‘टेस्ट’सारखे शब्द अर्थातच रोमन लिपीत छापायचे, नाहीतर कोणतं ‘टेस्ट’ ते वाचणाऱ्याला कसं कळणार. प्रत्येक शब्द यादीत तीनदा तरी यावा. एकदा शिंक येते, एकदा रिक्षा जाते.

यादीनंतर एक सलग परिच्छेद वाचून घ्या आणि दोन मिनिटं मोकळं बोलायला लावा. परिच्छेद स्वतः रचायचा नसेल तर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचं ‘स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह’ बघा. तिथं जगभरातल्या लोकांनी एकच ६९ शब्दांचा इंग्रजी परिच्छेद वाचलेला आहे आणि रेकॉर्डिंगं फुकट ऐकता येतात. तोच परिच्छेद घेतलात तर तुमच्या कळंब्याच्या काकांची तुलना थेट ग्लासगोच्या माणसाशी होते.

पायरी तिसरी: माणसं

‘कोल्हापुरी इंग्रजी’ नावाचा एकच ठोकळा मिळेल या आशेनं निघू नका. महाद्वार रोडवर दोन पिढ्या दुकान चालवणारे आजोबा, शिवाजी विद्यापीठात एमए करणारी गडहिंग्लजची मुलगी, गांधीनगरच्या कापडबाजारातला सिंधी व्यापारी, शिरोळकडचा घरात कन्नड बोलणारा शेतकरी, फौंड्रीत कामाला आलेला बिहारचा पोरगा, हे सगळे याच शहरात आणि आसपास आहेत.

प्रत्येकाचं एक पान करा. वय, बालपण कुठं गेलं, घरात कोणती भाषा, शाळेचं माध्यम, इंग्रजी कितवीपासून, बाहेरगावी किती काळ, रोज इंग्रजी कुणाशी बोलतो. गावापेक्षा शाळेचं माध्यम आणि इंग्रजीशी गाठ पडण्याचं वय यांनी जास्त फरक पडतो असा माझा अंदाज आहे, पण तो तुम्ही तपासा, उचलू नका. नावाऐवजी खुणेचं अक्षर लिहा. रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, हे आधी सांगा आणि होकार घ्या. ‘तुमचं इंग्रजी तपासायचंय’ असं मात्र चुकूनही म्हणू नका. माणूस आखडतो, मग जे ऐकू येतं ते परीक्षेचं इंग्रजी. ‘काका, जरा हे वाचून दाखवा की’ एवढं पुरे.

कारण शोधण्याची घाई टाळा. समजा शिरोळच्या शेतकऱ्यानं ‘एग’ला ‘येग’ म्हटलं. कन्नड बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ए आधी य आणि ओ आधी व येतो, हे खरं आहे. पण आपल्या ग्रामीण मराठीतही ‘एक’चं ‘येक’ आणि ‘ओळख’ची ‘वळख’ होतेच की. तेव्हा हा य कन्नडमधून आला की शिरोळ तालुक्यातल्या मराठीतून, हे एका शब्दावरून ठरत नाही. कन्नड अजिबात न येणारा, शेजारच्याच गावातला माणूस शोधून त्यालाही तोच शब्द वाचायला लावा.

पायरी चौथी: रेकॉर्डिंग

सगळ्यांना एकच फोन वापरा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ ची फुंकर माइकवर आदळत नाही. पंखा बंद. पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली दिवाणखान्यापेक्षा बरी, कारण आवाज घुमत नाही. बिंदू चौकाजवळ किंवा स्टँडच्या आसपास घर असेल तर दुपारी दोन-तीनची वेळ त्यातल्या त्यात निवांत.

फाइल वेव्ह स्वरूपात जतन करा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजनं पाठवलेला आवाज दाबला जातो. स आणि फ सारख्या घासणाऱ्या व्यंजनांची वरची पट्टी त्यात जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पायरी पाचवी: आधी कानानं

एकेक शब्द कापून वेगळा करा आणि तिऱ्हाईत माणसाला ऐकवा. समोर दोन चित्रं: जहाज आणि मेंढी. त्यानं एकावर बोट ठेवायचं. वीस वेळा ऐकवून दहाच्या आसपास बरोबर आले तर तो अंदाज मारतोय, म्हणजे या बोलणाऱ्याच्या तोंडी फरक ऐकू येत नाही. अठरा-एकोणीस आले तर फरक आहे, मग तो तुम्हाला स्वतःला ऐकू येवो न येवो. यादी ज्यानं वाचली त्याला, किंवा तुम्हाला स्वतःला, परीक्षक करू नका. कोणता शब्द आहे हे माहीत असलं की कान तेच ऐकतो.

जमल्यास दोन तऱ्हेचे ऐकणारे घ्या. कोल्हापुरी कानाला ‘टेस्ट’चा लांबलेला ए लगेच कळतो, परदेशी कानाला कदाचित कळणार नाही. उलट आपला ‘पिन’ इंग्रज माणसाला कधी कधी ‘बिन’ ऐकू येतो. कारण असं, की इंग्रज शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेच्या झोतासकट म्हणतो, आपण झोताशिवाय. गंमत अशी की ठ आणि ख मध्ये तो झोत आपल्याकडं तयार आहे, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच दिसला नाही की आपण तो वापरत नाही. ओठांसमोर कागदाचा कपटा धरून ‘पिन’ म्हणा. कपटा हलला तर झोत आहे.

पायरी सहावी: मग मोजून

कानानं भागत नसेल तर ‘प्राट’ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी ते केलं आहे. दिसायला जुनाट, पण कामाला पक्कं.

हवेचा झोत मोजायचा तर ‘पिन’ची लहर मोठी करून बघा. ओठ फुटतात तिथं एक उभी टोकदार खूण दिसते, आणि थोड्या अंतरानं स्वराच्या नियमित लाटा सुरू होतात. या दोहोंमधला वेळ मिलिसेकंदांत मोजा. लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली ११ भाषांत ही मोजणी केली आणि त्या अकरांत मराठीही होती. त्यांच्या अमेरिकन बोलणाऱ्यांची सरासरी प साठी ५८, ट साठी ७०, क साठी ८० मिलिसेकंद. तुमच्या बोलणाऱ्याचे आकडे याच्या शेजारी लिहा.

स्वरासाठी दोन आकडे लागतात, पहिला आणि दुसरा फॉर्मंट. फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या पोकळीत आवाज ज्या पट्टीला जास्त घुमतो ती पट्टी, हर्ट्झमध्ये मोजलेली. तोंड जितकं उघडं तितका पहिला वर जातो. जीभ जितकी पुढं तितका दुसरा वर जातो. स्वराच्या मध्यावर कर्सर ठेवून दोन्ही वाचा. प्राटमध्ये फॉर्मंट शोधायची कमाल मर्यादा पुरुषांसाठी ५००० आणि बायकांसाठी ५५०० हर्ट्‌झ ठेवतात. अंदाज यावा म्हणून: पीटरसन आणि बार्नी या संशोधकांच्या १९५२ च्या मोजणीत अमेरिकन पुरुषांच्या दीर्घ ई ची सरासरी २७० आणि २२९० हर्ट्‌झ, ऱ्हस्व इ ची ३९० आणि १९९०. तुमच्या बोलणाऱ्याच्या ‘शिप’ आणि ‘शीप’चे ठिपके आलेखावर एकमेकांत मिसळले, तर स्वराची लांबीही मोजा. जागा एकच आणि लांबी वेगळी, असंही असतं.

बाईचे आणि पुरुषाचे, लहान मुलाचे आणि मोठ्याचे आकडे सरळ शेजारी ठेवू नका. घसा आणि तोंड लहान असलं की सगळेच आकडे वर जातात. एकाच माणसाच्या दोन शब्दांतलं अंतर बघा आणि ते अंतर दुसऱ्याच्या अंतराशी ताडून पाहा.

पायरी सातवी: लिहून काढणं

उच्चार देवनागरीत टिपायचा मोह होतो, मीही या लेखात तेच केलंय. पण देवनागरीत लिहिलं की इंग्रजी ट आणि आपला ट एकच दिसतो, आणि दोन्ही ‘टेस्ट’ तर एकाच रूपात येतात. वहीसाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची वीस-पंचवीस चिन्हं शिकून घ्या, आठवड्याचं काम आहे.

नोंद करताना कोण, कोणता शब्दगट, मुरलेला शब्द की पुस्तकी, वाचताना की बोलताना, आणि तिऱ्हाईतानं वीसपैकी किती ओळखले, एवढं एका ओळीत यावं. पाच माणसांवरून ‘कोल्हापूरचे लोक असं बोलतात’ असं लिहू नका. ‘या पाचांपैकी तिघांनी’ असं लिहा. वाचताना राखलेला फरक मोकळ्या बोलण्यात गळाला असेल तर दोन्ही नोंदवा. माझ्या मते पुष्कळदा सगळ्यात बोलकी नोंद तीच असते.

पहिल्या खेपेला सगळं करायला जाऊ नका. शिप-शीप, दोन्ही टेस्ट, वाइन-व्हाइन, झू-झेब्रा आणि बॅग-लॅम्ब, एवढ्या पाच जोड्या आणि तीन माणसं: एक घरातलं, एक वेगळ्या माध्यमात शिकलेलं, एक मराठीशिवाय दुसरी भाषा घरात बोलणारं. वाचन माणशी दहा-पंधरा मिनिटांत होतं. कापाकापी आणि ऐकवणं यात मात्र दोन-तीन संध्याकाळी जातील, त्या आधीच मोकळ्या ठेवा.